ती नाही म्हणते

वहिनी येणार म्हणून वन्संनी सगळं घर आवरलं, पण मधल्या खोलीतल्या दोरीला हात लावला नाही. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत ताणलेली ती दोरी आणली होती कपडे वाळत घालायला, पण तिच्यावर कधी साधा हातरुमालसुद्धा वाळला नाही. तिच्यावर कादंबऱ्या टांगल्या जायच्या. एकेका चिठ्ठीवर एकेक घटना, आणि चिठ्ठीला लाकडी चिमटा. आता बहुतेक चिमटे रिकामे होते. एकाच चिमट्यात एक पिवळी पडलेली चिठ्ठी अजून लोंबत होती आणि तिच्यावर वन्संच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘तो घड्याळ घेऊन जातो.’

वन्सं हे काही त्यांचं नाव नव्हे. त्यांना वन्सं म्हणायचा हक्क एकट्या वहिनीचा, कारण नणंद तिची. पण वहिनीचा आवाज असा खणखणीत की तिने स्वयंपाकघरातून हाक मारली की गल्लीच्या टोकाला ऐकू जायची. आधी दूधवाला वन्सं म्हणायला लागला, मग पोस्टमन, आणि शेवटी सख्खा थोरला भाऊ, दादा, तोही म्हणायला लागला. “अख्ख्या जगाची नणंद झालीस तू,” असं म्हणून तो हसायचा. वन्संनी लग्न केलं नव्हतं. सवडच झाली नाही, असं त्या सांगत, आणि ते निदान अर्धं तरी खरं होतं.

सवड खरंच नव्हती. नणंद-भावजय मिळून कादंबऱ्या लिहायच्या, एकाच टोपणनावाने. साप्ताहिकात दर आठवड्याला एक प्रकरण छापून यायचं आणि वाचनालयात त्या अंकावर उड्या पडायच्या. लेखक कोणी दाढीवाले गृहस्थ असणार, असं लोक धरून चालायचे. त्यांच्या कथांवर दोनतीन सिनेमेही निघाले, त्यातला एक चांगला होता.

कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. काय घडतं ते वन्संचं, कोणाला घडतं ते वहिनीचं. वन्संचं डोकं घटनांचं. घरात कोणी शिंकलं तरी पुढे काय काय होऊ शकेल याच्या चार वाटा त्यांना लगेच दिसायच्या. चोरी, चुकलेली गाडी, बंद खोली, ऐनवेळी सापडणारी किल्ली, असलं सगळं त्या चिमट्यांनी दोरीवर लावून ठेवायच्या आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभ्या राहायच्या.

वहिनीची तऱ्हा निराळी. कादंबरीत नवं माणूस यायचं झालं की ती टेबलावर एक जादा कप ठेवायची आणि त्या माणसाला चहाला बोलवायची. चहात साखर किती, हे कळल्याशिवाय ती कोणाला पुस्तकात पाऊल टाकू देत नसे. मग त्या रिकाम्या खुर्चीशी तिच्या गप्पा सुरू व्हायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वन्संना वाटलं, दादाने कसलं हे ध्यान घरात आणलं! पण त्या गप्पांमधून माणसं अशी उठून यायची की पुढे दोघी भाजी आणायला गेल्या तरी “ही वांगी त्या वकिलाच्या बायकोला आवडली असती,” असं बोलून जायच्या.

भांडणं व्हायची ती इथेच. वन्संनी दोरीवर लावलेलं असायचं, ‘थोरली बहीण दागिने घेऊन पळून जाते.’ वहिनी कपाशी बसायची, दोन घोट घ्यायची आणि सांगायची, “ती नाही म्हणते.”

“नाही म्हणजे? पुढची सहा प्रकरणं उभी आहेत त्या दागिन्यांवर!”

“असतील. ती म्हणते, पळायचं तर पळेन, पण आईचे दागिने घेणार नाही.”

“तिला म्हणावं, तुला लिहितंय कोण?”

“विचारलं मी. ती म्हणाली, तुम्ही दोघी लिहिता, पण पळायचंय मला.”

आणि घरातला कायदा असा होता की वहिनीने ‘ती नाही म्हणते’ म्हटलं की चिठ्ठी काढायची. त्यावर दाद मागायची सोय नव्हती. वन्सं आदळआपट करत चिमटा ओढायच्या आणि मग दागिन्यांशिवाय पळालेल्या मुलीचं पुढे काय होईल, ते नव्याने जुळवायच्या. गंमत म्हणजे, ते नेहमी आधीच्यापेक्षा बरं जमायचं. हे त्यांनी वहिनीला कधी सांगितलं नाही, उगाच डोक्यावर बसली असती.

तिसरा माणूस दादा. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता. लोकांना पाणी कधी येणार आणि कधी नाही, हे कळवायचं काम. संध्याकाळी तो कामावरून यायचा, दोरीखालून वाकून जायचा, रोज विसरायचा आणि रोज एखादा चिमटा त्याच्या केसांत अडकायचा. चहा झाला की तयार झालेलं प्रकरण तो मोठ्याने वाचून दाखवायचा. काय ते वाचन! नायिका प्रियकराच्या गळ्यात पडो की म्हातारा प्राण सोडो, दादा एकाच सुरात वाचायचा, उद्या सकाळी कमी दाबाने पाणी येईल, त्याच सुरात. तो सूर असूनही जिथे वहिनीच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते प्रकरण पास. आणि जिथे दादाला स्वतःलाच जांभई यायची, ते फाडायचं.

वाचून झालं की तो चष्मा काढून पुसायचा आणि विचारायचा, “छान आहे. पण हे आहे कशाबद्दल?”

“अरे, चोरीबद्दल!” वन्सं म्हणायच्या.

“ते झालं काय घडतं ते. कशाबद्दल आहे?”

“थोरल्या बहिणीबद्दल,” वहिनी सांगायची.

“ती झाली कोणाची गोष्ट ते.”

मग दोघी मिळून त्याच्यावर तुटून पडायच्या, की तूच सांग कशाबद्दल आहे ते. आणि दादा म्हणायचा, “मला काय ठाऊक! मी पाण्याच्या कचेरीतला माणूस.” पण तो प्रश्न घरात राहायचा. दुसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता वहिनी मध्येच सुरी थांबवायची, वन्सं दोरीवरचे दोन चिमटे इकडचे तिकडे करायच्या, आणि दोघींनाही कळायचं की काल चोरीची असलेली गोष्ट आज बहिणीबहिणींच्या हेव्याची झाली आहे. ती तशी केली कोणी, ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

किती छान दिवस होते ते! वन्संना आता वाटायचं, तेव्हा कोणी कानात येऊन सांगायला हवं होतं की हेच ते दिवस. आपण मूर्खासारख्या चिमट्यांवरून भांडत बसलो.

शेवटची कादंबरी होती घड्याळवालीची. बाजारपेठेच्या कडेला एका बाईचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान. वहिनीने तिला चहाला बोलावलं आणि बातमी आणली, “बिनसाखरेचा पिते. पण चमचा घेऊन ढवळत बसते.”

“साखर नाही तर ढवळते काय?”

“तेच तर! मलाही कळलं नाही अजून.”

या बाईकडे एक गृहस्थ मनगटी घड्याळ टाकून जातात. ती ते त्याच दिवशी दुरुस्त करते. पण गृहस्थ न्यायला येतात तेव्हा सांगते, “अजून झालं नाही. पुढच्या आठवड्यात या.” ते पुढच्या आठवड्यात येतात. स्टुलावर बसतात, इकडच्या तिकडच्या चार गोष्टी बोलतात. पुन्हा तेच, “अजून झालं नाही.” घड्याळ तर केव्हाच दुरुस्त झालं आहे, हे वाचकाला शेवटच्या प्रकरणात कळायचं होतं. ती वन्संची करामत, आणि त्या तिच्यावर फार खूश होत्या.

प्रकरणं छापून येत होती आणि दादा आजारी पडला. आधी रजा, मग इस्पितळ, मग डॉक्टरांनीच घरी न्यायला सांगितलं. घरी न्यायला सांगितलं म्हणजे काय, ते तिघांनाही कळलं होतं आणि तिघंही न कळल्यासारखं वागत होते. त्याचा पलंग मधल्या खोलीत, दोरीखाली आणला. प्रकरण मात्र तो स्वतःच वाचायचा, उशीला टेकून, दोन दोन वाक्यांनी थांबत.

एक दिवस वाचता वाचता तो थांबला आणि हसला. “झालं असेल गं ते घड्याळ कधीच,” तो म्हणाला. “तिलाच द्यायचं नाहीये.”

वन्संना असा राग आला! सगळी करामत पाण्यात. आजारी माणसाला पलंगावर पडल्या पडल्या ओळखता येतं, तर वाचकांना ओळखायला कितीसा वेळ? त्या तणतणत स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी आपटली. नंतर त्या संध्याकाळची आठवण आली की त्यांना स्वतःचीच लाज वाटायची.

तेव्हाच त्यांनी ठरवलं, आता लांबवायचं नाही. दादाने त्यांना एकटीला जवळ बोलावून सांगितलं होतं, “शेवट ऐकव बाई मला.” त्यांनी चिठ्ठी लिहिली, ‘तो घड्याळ घेऊन जातो,’ आणि चिमट्यात अडकवली. ती घड्याळ देते, खरं काय ते सांगते, गोष्ट संपते. वहिनी कपाशी बसली, बराच वेळ बसली, आणि उठून म्हणाली, “ती नाही म्हणते.”

“अगं, का?”

“नाही म्हणते.”

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. घरातला कायदा मोडून वन्संनी चिठ्ठी तशीच ठेवली. घड्याळवाली ढिम्म. गृहस्थ येतात, बसतात, जातात. कधी ते मांजराबद्दल बोलतात, कधी तुटलेल्या छत्रीबद्दल. घटना म्हणून काही नाही, आणि तरी दादा मन लावून वाचायचा. पुढे आवाज उरला नाही तेव्हा वन्सं वाचायच्या आणि तो डोळे मिटून ऐकायचा. वाचून झालं की तो नुसता मान हलवायचा. कशाबद्दल आहे, हे त्याने विचारायचं सोडलं होतं. शक्ती उरली नसेल, असं वन्संना वाटलं.

आणि एका सकाळी दादा गेला. घड्याळ दुकानातच राहिलं.

माणसं भेटायला येत होती, त्यांच्यासमोरच वन्संचा तोल सुटला. “तुझ्या त्या कागदी बाईच्या हट्टापायी माझा भाऊ शेवट न ऐकता गेला,” त्या वहिनीला म्हणाल्या. वहिनी एरवी एकाचे दोन ऐकवणारी, पण तेव्हा नुसती बघत राहिली. थोड्या दिवसांनी तिचा परगावी नोकरीला असलेला मुलगा येऊन तिला आपल्याकडे घेऊन गेला. कादंबरी अपुरी राहिली. संपादकांनी ‘लेखकाच्या घरी दुःखद घटना’ असं छापलं आणि दाढीवाल्या गृहस्थांना सांत्वनाची पत्रं आली.

मग फोनवरचं नातं उरलं. गोळ्या घेता का, घेते. गुडघा कसा आहे, आहे. मुलगा बरा आहे का, बरा आहे. बस.

इतक्या वर्षांनी ते ढवळलं एका तरुण दिग्दर्शिकेने. तिच्या आईने साप्ताहिकातली ती प्रकरणं कापून, शिवून जपली होती. लेकीने ती वाचली आणि सिनेमा काढायचं तिच्या मनाने घेतलं. साप्ताहिकाकडून नंबर काढून तिने वन्संना फोन केला. फक्त शेवट नव्हता. शेवट दोघींनी मिळून लिहून दिला तर उत्तम, नाहीतर ती तिचा तिचा करणार होती. वन्संनी आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन वहिनीला फोन केला आणि म्हटलं, “ये. त्या बाईला एकदाचं मार्गी लावू.”

त्यांना आणखीही काही म्हणायचं होतं, पण ते फोनवर जमलं नाही.

वहिनी आली. केस पांढरे, चालणं सावकाश, आवाज तेवढा जुनाच. मधल्या खोलीत शिरताना ती सवयीने वाकली आणि दोरीखालून गेली. पलंग होता तिथे आता टेबल होतं. तिने त्या जागेकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे पाहिलं, मग म्हणाली, “चहा टाका वन्सं. गाडीतला चहा म्हणजे नुसतं कोमट पाणी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शिका आली. मोठा चष्मा, खांद्याला झोळीएवढी पिशवी, बोलणं भराभर. तिने आपला शेवट सांगितला. दुकानाला आग लागते, बाई जळत्या दुकानात शिरते आणि ते एक घड्याळ घेऊन बाहेर येते.

“वा!” वन्संच्या तोंडून निघून गेलं. आग त्यांना आयुष्यात कधी वापरायला मिळाली नव्हती.

वहिनीने कपाळावर हात मारला. “आग कशाला लावताय बिचारीला? तिने तुमचं काय वाकडं केलंय?”

“काकू, मी काय म्हणते ते ऐका,” दिग्दर्शिका म्हणाली. “ती काय विचार करते, ते पुस्तकात तुम्ही पानभर लिहू शकता. पडद्यावर मला तिचे फक्त हात दिसणार. साखर नसलेला चहा ती ढवळते ना, ते मला चालतं, ते दिसतं. तसं शेवटी ती काय करते ते सांगा. आग नको तर नको.”

मुलगी बिनडोक नव्हती तर! वन्संनी तिच्याकडे जरा नीट पाहिलं.

“ती घड्याळ देते,” वन्सं म्हणाल्या.

वहिनी खाली मान घालून बसली होती.

“देते की नाही देते, ते मला दोन्ही चालेल,” दिग्दर्शिका म्हणाली. “मला एवढंच सांगा, ही गोष्ट आहे कशाबद्दल?”

दोघींनी एकदम वर पाहिलं. त्या बिचारीला कळेना, आपलं काय चुकलं. तिने उगाच चष्मा काढून पुसला, आणि ते पाहून तर वहिनी उठून आत निघून गेली. वन्संनी कशीबशी वेळ मारून नेली, दोन दिवसांत कळवतो म्हणाल्या, आणि तिला दारापर्यंत पोचवलं.

दुपारी जेवणं झाल्यावर दोघी टेबलाशी बसल्या. वन्संनी कपाटातून तिसरा कप काढून रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि तो बाजूला सारला.

“तिला नका बोलावू. तिला विचारायचं काही राहिलं नाहीये.”

“म्हणजे अजूनही नाहीच म्हणते? अगं, इतकी वर्षं झाली!” वन्संचा आवाज चढला. “एवढा कसला हट्ट तिचा?”

“ती कधीच हो म्हणाली होती, वन्सं.”

“कोण?”

“कोण काय कोण! घड्याळवाली. तुम्ही ती चिठ्ठी लावलीत ना, त्याच दिवशी. मी चहा ओतला, विचारलं, तर म्हणाली, देऊन टाक बाई, किती दिवस हेलपाटे घालायला लावायचे त्यांना.”

“मग?”

“मग काय. मी तुम्हाला येऊन सांगितलं, ती नाही म्हणते.”

या घरात खोटं बोललं जात नव्हतं असं नाही. साखर संपली नसताना संपली म्हणून सांगितलेलं चालायचं. पण पुस्तकातल्या माणसाच्या नावावर खोटं? ते कधी कोणी केलं नव्हतं. 

“हे मला म्हणाले होते,” वहिनी सांगत होती. ‘हे’ म्हणजे दादा. “हसत हसतच म्हणाले होते, की गोष्ट संपल्याशिवाय मी कुठे जात नाही. तुमच्या चिठ्ठीच्याही आधीपासून मी तेच धरून बसले होते. म्हटलं, मग नकोच संपायला. सकाळी उठले की पहिला विचार हाच, आज हे गृहस्थ दुकानात येऊन काय बोलतील? मांजर आणलं, छत्री आणली. तुमच्यासारखं डोकं नाही मला, घटना सुचत नव्हत्या. जे हाताशी येईल ते आणत होते. मला वाटलं, ती नाही म्हणत राहिली तर...” तिने पदराने डोळे पुसले. “वेडेपणा नुसता! माणूस कधी असा थांबतो का?”

“मला सांगायचं होतंस.”

“काय सांगणार? तुम्ही त्यांना शेवट ऐकवायला धडपडत होतात. तुमचा भाऊ. आणि मी तो अडवून धरला होता. तुम्ही बोललात ते खोटं नव्हतं वन्सं. ते खरंच न ऐकता गेले.”

वन्सं दोरीकडे बघत होत्या. उभं आयुष्य त्यांनी घटना जुळवल्या, कोण काय लपवतंय आणि का लपवतंय ते एका नजरेत ओळखलं. आणि त्यांच्याच घरात, त्यांच्याच नाकासमोर एक बाई दर आठवड्याला ‘अजून झालं नाही’ म्हणत होती, आणि त्यांना पत्ता लागला नाही.

मग त्यांना दादाचं हसणं आठवलं.

“वहिनी,” त्या हळूच म्हणाल्या, “तो म्हणाला होता. झालं असेल गं ते घड्याळ कधीच, तिलाच द्यायचं नाहीये. आठवतंय?”

“आठवतंय. तुम्ही केवढ्या चिडलात! पातेल्याला पोचा आला.”

“तेव्हा तो कोणाकडे बघून म्हणाला?”

“माझ्याकडे,” वहिनी म्हणाली. तिचा हात टेबलावर होता तसाच राहिला.

“मी आपली करामतीला धरून बसले,” वन्सं म्हणाल्या. “मला वाटलं, त्याने माझा शेवट ओळखला. तो तुला ओळखून होता गं. त्याला सगळं कळलं होतं. त्यानंतर त्याने एकदा तरी विचारलं का, हे आहे कशाबद्दल? आठवून बघ. एकदाही नाही. मला वाटलं, थकलाय. त्याला विचारायची गरजच उरली नव्हती.”

वहिनीने तोंडाला पदर लावला आणि ती मोठ्याने रडली. दादा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. वन्सं उठल्या, तिच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. त्यांचंही तोंड वेडंवाकडं झालं होतं, पण ते पाहायला कोणी नव्हतं. “चुकले मी,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांसमोर बोलले तुला. फार वाईट बोलले.”

“जाऊ दे,” वहिनी नाक ओढत म्हणाली. “तेव्हा आपल्या दोघींचंही डोकं ठिकाणावर नव्हतं.”

चहा झाला. तिसरा कप पुन्हा पुढे आला, आणि या वेळी भरून आला. दोघी कामाला लागल्या.

घड्याळवाली घड्याळ देते, यावर आता वाद नव्हता. वहिनीने तिचे हात लिहिले. ती खण उघडते, घड्याळ बाहेर काढते, ते चालूच आहे, कारण ती रोज त्याला चावी देत आली आहे. गृहस्थ ते कानाला लावतात. “चालतंय की,” ते म्हणतात. “केव्हापासूनच,” ती म्हणते. ते घड्याळ मनगटाला बांधतात आणि जातात.

“इथे संपवायचं,” वन्सं म्हणाल्या. “तो गेला. खरं आहे ते. उगाच गोड करायला नको.” असा साधा, करामत नसलेला शेवट वन्सं मागतील, हे आधी कोणी सांगितलं असतं तर दोघीही हसल्या असत्या.

वहिनी चमचा घेऊन कप ढवळत बसली. “वन्सं,” ती म्हणाली, “पुढच्या आठवड्यात ते पुन्हा येतात.”

“कशाला? दुरुस्तीला काही उरलं नाही. कारण काय यायचं?”

“काही कारण नाही. रिकाम्या हातांनी येतात आणि स्टुलावर बसतात.” तिने चमचा बशीत ठेवला. “येऊ दे त्यांना. पुस्तकात तरी येऊ दे.”

वन्संनी एक कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर लिहिलं, ‘तो पुन्हा येतो,’ आणि जुन्या चिठ्ठीच्या शेजारी चिमट्याने लावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रकरण वाचायची वेळ आली. वन्संनी चष्मा लावला, पहिलं वाक्य दोनदा सुरू केलं आणि दोनदा अर्ध्यावर सोडलं. तेव्हा वहिनीने कागद ओढून घेतले आणि वाचायला सुरुवात केली, सपाट सुरात, एकेका वाक्यानंतर थांबत. गृहस्थ रिकाम्या हातांनी दुकानात शिरले, हे तिने असं वाचलं की उद्या दुपारी पाणी येणार नाही, नागरिकांनी नोंद घ्यावी. वन्सं आधी दचकल्या, मग त्यांना हसू फुटलं, मग वहिनीलाही, आणि दोघी म्हाताऱ्या पोट धरधरून हसल्या. शेवटचं पान वाचायला त्यांना खूप वेळ लागला.

वाचून झाल्यावर कोणी काही विचारलं नाही.

वहिनी निघायची होती त्या सकाळी वन्सं लवकर उठल्या. वहिनीची अंघोळ चालली होती तेवढ्यात त्यांनी प्रकरणाची शेवटची पानं टाइप केली, क्रमाने लावली, टाचणी मारली आणि सगळा गठ्ठा टेबलाच्या खणात सरकवून दिला. दिग्दर्शिकेचा फोन आला तो त्यांनीच घेतला. “झालं नाही हो अजून,” त्या म्हणाल्या. “थोडं राहिलंय. घाई करून कसं चालेल?”

गाडीची वेळ झाली. वहिनीने पिशवी उचलली, दोरीखालून वाकून बाहेर आली आणि चपला घालता घालता म्हणाली, “कागद द्या ना वन्सं. वाटेत त्या मुलीकडे देऊन पुढे जाते.”

वन्सं दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी एकदा मागे, टेबलाकडे पाहिलं.

“अजून झालं नाही,” त्या म्हणाल्या. “पुढच्या आठवड्यात ये.”

वहिनीचा एक पाय चपलेत, एक बाहेर. तिने मान वर करून नणंदेच्या तोंडाकडे पाहिलं, नीट, बराच वेळ पाहिलं.

“झालं असेल कधीच,” ती म्हणाली. “तुम्हालाच द्यायचं नाहीये.”

मग तिने दुसरी चप्पल घातली, पिशवी खांद्याला अडकवली आणि पायऱ्या उतरताना आपल्या त्या खणखणीत आवाजात, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, “येते हो, वन्सं! पुढच्या आठवड्यात!”